भिंतीवरच्या नकाशाचं माप

प्रिय बडबडे,

आठवडाभर तू फोनवर गप्प गप्प होतीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तुझ्या आत्याच्या पोटात तर काही राहत नाही. काल कळलं ते असं, की परदेशातल्या मोठ्या पुलाचं काम तुझ्याकडे चालून आलंय आणि तू नाही म्हणायला निघाली आहेस. कारण काय, तर बाबा एकटे पडतील, आणि काही झालं तर विमानाने वेळेत पोचता येणार नाही.

मग मीही मोजायला बसलो. शिंप्याला दुसरं काय सुचणार? दुकानातल्या भिंतीवरच्या नकाशावर टेप ताणली, आपल्या विमानतळापासून तिकडच्या विमानतळापर्यंत. सोळा हजार किलोमीटर भरले. मी चांगलाच खचलो. पण तिकीट काढून देणाऱ्या बाईंनी बारा हजारच सांगितले. चौदा तास, मध्ये कुठे उतरणं नाही. मी त्यांच्याशी हुज्जत घातली. जन्मभर मापं घेतलेला माणूस चार हजारांनी चुकतो म्हणजे काय? त्या बिचाऱ्या हसू दाबत राहिल्या.

घरी येऊन माळ्यावरून तुझा शाळेतला पृथ्वीगोल काढला, पुसला, त्यावर टेप धरली. ती आपली सरकत सरकत वर गेली, थेट बर्फावरून, आणि बाईंचं खरं निघालं. गोल पाठीचं माप सपाट कापडावर घ्यायचं नसतं, हे मला कळू नये? तुझी आई असती तर यावरून वर्षभर माझी टर उडवली असती.

तिचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ती गेली तेव्हा तू गाडीने फक्त तीन तासांवर होतीस, तरी पोचली नाहीस. ते तुला अजून सलतं. पण पोरी, त्या दुपारी ती तुझ्याशी फोनवर बोलून, खुशीत झोपली होती. तू शेजारच्या गल्लीत असतीस तरी काही वेगळं घडलं नसतं. मी ठणठणीत आहे, हाताला काम आहे, खालच्या मजल्यावर आत्या आहे आणि दिवसभर पुरेल एवढी तिची जीभ आहे. थंडी सरली की मी तुझ्याकडे येणार. खिडकीजवळची जागा मिळेल का, हेही त्या बाईंना विचारून ठेवलंय.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा आवाज ऐकला की माझा भरून येतो, आणि तू त्यालाच माझं उत्तर समजली असतीस. दर रविवारी तू आली नाहीस की घर मला खायला उठेल, यात खोटं काही नाही. कागदावर ते मला सरळ लिहिता येतं, आणि त्याच्याच खाली हेही लिहिता येतं: होकार कळव, आणि जा.

तुझाच,
चार हजारांनी चुकलेला बाप