ताटातल्या तांदळातलं नाव

बोरी, शनिवार, संध्याकाळ

आज अकरावीच्या वर्गाला तो राजा-राणीचा ऐतिहासिक सिनेमा दाखवला. लग्नात राजा ताटातल्या तांदळात बोटानं राणीचं नवं नाव लिहितो, तिथं थांबवून मी तावातावानं बोललो. प्रेमाच्या नावाखाली बाईची ओळखच पुसून टाकतात, वगैरे. पोरं लिहून घेत होती.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, तुमी मॅडमचं नाव बदललं का?"

"नाही," म्हणालो. इतक्या पटकन कसं आलं तोंडात? 'मानसी' मीच लिहिलं की, तशाच ताटात, तशाच तांदळात. मला आवडायचं म्हणून. तिला विचारलं होतं? कुणीच विचारत नाही, पण मी तरी...

घरी आल्यावर राहवलं नाही. स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "शेवंता!" लग्नानंतर पहिल्यांदाच. त्या नावानं तिला आता फक्त माहेरचेच बोलावतात.

ती पिठाच्या हातांनीच लगबगीनं बाहेर आली. चेहरा काय फुलला होता! माझ्या मोबाइलकडं बघत म्हणाली, "आईचा फोन हाय का?"

"नाही," म्हणालो. आज दुसऱ्यांदा. ह्या वेळी खरं बोललो, तरी तिच्याकडं बघवलं नाही.