डोंगर फुटल्यावर घर कोणाचे

सर्वात आधी, उशिराबद्दल माफी. हे मृत्युपत्र थोरला मुलगा गेली कित्येक वर्षे मागतो आहे आणि मी आज-उद्या करत राहिलो. त्यात आळस नव्हता, भीती होती. मृत्युपत्र लिहिले की माणूस मोकळा होतो आणि मोकळा दिसला की वरून बोलावणे येते, असे मला वाटते. बायको म्हणते, "वर कोणाला एवढी घाई नाही तुमची." तरी मी एका हाताने नाडी धरूनच लिहितो आहे.

आज लिहायला बसलो त्याचे कारण माझी प्रकृती नाही. आमची धाकटी लेक परदेशात ज्या गावात राहते, त्या गावामागचा ज्वालामुखीचा डोंगर गेल्या आठवड्यात फुटला आणि तेव्हापासून तिचा फोन लागत नाही. नुसते बसून राहिलो तर मी भिंती खाईन. म्हणून लिहितो.

तर मी, खाली सही करणारा, वय पंच्याहत्तर, शिक्षण सातवीपर्यंत (सातवी दोनदा), धंदा रंगाच्या दुकानात रंग कालवणे, हल्ली घरी बसून काळजी करणे, असे लिहून ठेवतो की माझे डोके जागेवर आहे. औषधवाल्याने सकाळीच रक्तदाब मोजला व "चालेल" म्हणाला. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. बायको शेजारी बसून ओळ न् ओळ वाचते आहे, पण ते दडपण लग्नापासूनचे आहे, या कागदापुरते नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाले तर तो थोरला असेल.

समोर बसलेले वकीलसाहेब म्हणाले, घर आधी लिहा. मी घर शेवटी लिहिणार आहे, कारण तिथेच गाडी अडली आहे.

कलम पहिले. पुढच्या खोलीतील जग.

पुढच्या खोलीच्या भिंतीवर मी उरल्यासुरल्या रंगांतून जगाचा नकाशा काढला आहे. जिथे डोंगर फुटला तिथे तांबडा ठिपका. जिथवर राख गेली तिथवर राखाडी. ज्या मुलखात त्यामुळे थंडी पडली वा पीक बुडाले तिथे निळा. जिथे नुसतीच संध्याकाळ रंगीत झाली तिथे पिवळा. नीट पाहिले तर कळते की तांबडा ठिपका नखाएवढा असतो आणि निळा-पिवळा पार भिंतभर. डोंगर एका गावाचा, त्याचा ताप सगळ्यांना. आमच्या मेहुण्यांसारखाच.

नकाशा मोजून काढायला हवा होता. मी डावीकडून जोशात सुरुवात केली, भिंत संपली आणि सर्वात मोठा खंड दारावर गेला. आता बायकोने दार उघडले की निम्मे जग स्वयंपाकघरात जाते. थोरल्याला ही भिंत पांढरी करायची आहे. माझ्या मागे त्याने ती करू नये. केलीच तर निदान दोन हात मारावेत. तांबडा खालून डोकावतो, हे मी धंद्यातले सांगतो.

हा नाद लागला कसा, हेही इथेच सांगतो, कारण थोरला लोकांना सांगतो की बाबांच्या डोक्यात रंगाची वाफ गेली. तसे नाही. रंग कालवताना जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे पसरतात. एकदा अशाच पानावर मी उकिडवा बसून एका बातमीत अडकलो. दोनशे वर्षांपूर्वी लांबच्या बेटावरचा एक डोंगर फुटला आणि दुसऱ्या वर्षी कुठल्या कुठल्या देशांत उन्हाळाच आला नाही. जूनमध्ये बर्फ पडले. दाण्यावाचून घोडे मेले, म्हणून कोणी तरी बिनघोड्याची दोन चाकांची गाडी काढली असे म्हणतात. तिच्या पोटी पुढे सायकल आली, आणि... इथे मालकांनी हिरव्याचा डबा लवंडला. पुढचे काही वाचता आले नाही. पुढे काय झाले, ते शोधण्यात माझी चाळीस वर्षे गेली. मालक मात्र त्या दिवशी फक्त "डबा पूस" म्हणाले.

कलम दुसरे. हत्यारे.

कालवण्याच्या काठ्या, सुऱ्या, गाळण्या आणि रंगपट्ट्यांची पेटी दुकानाच्या सध्याच्या मालकांना द्यावी. दवाखान्याच्या प्रकरणात त्यांच्या वडिलांनी मला कामावरून काढले नाही, त्याची ही फेड. ते प्रकरण बाहेर चुकीचे सांगितले जाते, म्हणून खरे लिहितो.

त्या वर्षी दूरच्या बेटांवरचा एक मोठा डोंगर फुटून त्याची धूळ आभाळात इतकी वर गेली होती की जग अर्ध्या अंशाने गार झाले. आमच्याकडे महिनोन् महिने संध्याकाळी तांबूस-जांभळ्या होत. मी दवाखान्यासाठी पांढरा कालवत होतो आणि दारात बसून, मावळत्या उजेडात पारखत होतो. पांढरा मला गुलाबी दिसे. मी निळ्याचा थेंब टाकला. तरी गुलाबीच. आणखी टाकला. सूर्य बुडाला तेव्हा माझे समाधान झाले. त्याच रात्री रंगारी भिंती रंगवून मोकळे झाले आणि सकाळी डॉक्टर आत शिरले तर दवाखाना निळाशार. डॉक्टर मालकांना म्हणाले, "पेशंट विचारतात, पोहायला कुठून उतरायचं?"

मालकांनी मला बोलावले. "हा पांढरा आहे?"

"काल होता," मी म्हणालो.

"मग रात्रीत काय झालं?"

"साहेब, चूक माझी नाही. चार हजार किलोमीटरवरचा डोंगर आहे."

मालक हिशेबनीसाकडे वळले. म्हणाले, "याला उद्यापासून दुपारीच कालवायला सांगा."

कलम तिसरे. हवेचा दाब दाखवणारे यंत्र.

भंगारातून आणलेले, भिंतीवरच्या घड्याळासारखे दिसणारे हे यंत्र आमच्या न्हाव्याला द्यावे, व घेताना त्याने माझी माफी मागावी. समुद्राखालचा एक डोंगर फुटला तेव्हा हवेची लाट अख्ख्या पृथ्वीला फेऱ्या मारून गेली. तेव्हा या यंत्राचा काटा हलला. केसभरच, पण हलला. न्हावी समोर होता. म्हणाला, "काका, काटा नाही हलला, तुमचं ढोपर लागलं." माझे ढोपर त्या उंचीला जात नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माफी न मागितल्यास यंत्र भंगारात परत द्यावे.

कलम चौथे. मेहुणे.

बायकोच्या धाकट्या भावाला काहीही देऊ नये. (बायको: "खोडा ते." मी: "कलम आहे." बायको: "मग त्याला ती मोडकी छत्री तरी द्या." बरे. छत्री द्यावी.)

भांडण असे. मेहुणे निवृत्तीच्या आधी परदेशी फिरायला निघाले. बर्फाच्या बेटावरचा एक डोंगर तेव्हा धुमसत होता. त्यांनी मला खास विचारले, "काय हो, जाऊ ना?" मी नकाशा पाहून म्हणालो, "बिनधास्त जा, छोटा आहे तो, खोकतोय नुसता." त्या खोकल्याने दुसऱ्याच आठवड्यात अर्ध्या खंडाची विमाने जमिनीवर बसवली. मेहुणे विमानतळावर खुर्च्यांत झोपले, हातरुमाल नळाखाली धुऊन वापरले आणि इकडे त्यांचा निरोप समारंभ त्यांच्याशिवायच झाला. रिकाम्या खुर्चीकडे बघून सगळ्यांनी भाषणे केली. लोक अजून सांगतात, मेहुण्यांनी कोणाला मधेच तोडले नाही असा तो एकच समारंभ. तरीही त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. आभार मानायला हवे होते.

कलम पाचवे. जिन्याखालचे सामान.

मेणबत्त्या, तोंडाला लावायच्या पट्ट्या, डबाबंद अन्न, खिडक्यांच्या फटी बुजवायची चिकटपट्टी आणि पाण्याचे बावीस कॅन, हे सर्व थोरल्याला. तो त्याला "बाबांचं प्रलय भांडार" म्हणतो. ज्याने नाव ठेवले त्यानेच ते सांभाळावे. काही डब्यांची तारीख उलटली आहे. बायकोच्या मते माझीही.

कलम सहावे. बँकेतील ठेव.

सगळी बायकोची. तिने ती काय वाटेल तशी उडवावी. माझ्या भीतीपायी आम्ही कधी समुद्रकिनारी गेलो नाही, डोंगरावर गेलो नाही, विमानात बसलो नाही. तिने तिन्ही करावे. तिच्या म्हणण्यानुसार इथे असेही नोंदवतो की लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलसाहेबांनी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पन्नास वर्षं या माणसाच्या प्रत्येक मूर्खपणाला मीच साक्षीदार आहे. आता सही करायची तर नको?"

कलम सातवे. घर.

घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, वरची खोली व गच्ची. बायको आहे तोवर तिचे. तिच्या मागे संपूर्ण धाकटीचे. थोरल्याचे स्वतःचे घर आहे आणि त्याच्या भिंती तो हवा तेवढ्या पांढऱ्या करू शकतो.

धाकटी त्या डोंगराखालच्या गावात एका हॉटेलची धुलाई सांभाळते. चादरी, टॉवेल, टेबलांवरची कापडे, सगळे पांढरे, सगळे उघड्यावर वाळत. तिला ती नोकरी लागली तेव्हा मी नकाशावर पाहिले आणि जेवण टाकून उठलो. त्या गावावर मी स्वतःच्या हाताने तांबडा ठिपका दिला होता, ती शाळेत असताना. तीच तेव्हा ब्रश धरून उभी होती.

चार वर्षांपूर्वी त्या डोंगराने जरा धूर सोडला. मी तिला फोन करून इतके रडगाणे लावले की ती नोकरी सोडून, बॅगा भरून घरी आली. डोंगर दुसऱ्याच दिवशी गप्प झाला. तिने परत जाऊन हातापाया पडून कामाची जागा मिळवली. जाताना दारात, म्हणजे सर्वात मोठ्या खंडापाशी, उभी राहून म्हणाली, "बाबा, आता डोंगर खरंच फुटल्यावर फोन करा." मी तसेच केले. यंदा डोंगर नुसता धुमसत असल्याच्या बातम्या ती देत होती तोवर मी तोंडातून ब्र काढला नाही. "राख पडते थोडी, चादरी परत धुवाव्या लागतात, एवढंच," असे ती म्हणाली, आणि मी "हं" म्हणालो. एवढा शहाणपणा मी आयुष्यात एकदाच केला, आणि तो नेमका इथे.

मग डोंगर फुटला. मी फोन केला. तो लागत नाही.

बातमीत म्हणतात की गाव रिकामे केले, माणसांना लांब नेले, फोनचे मनोरे राखेने बंद पडले. सगळे आहे, तिचे नाव कुठे नाही. थोरला सकाळपासून गच्चीवर उभा राहून नंबर फिरवतो आहे. गच्चीवरून जास्त लागतो असे त्याला वाटते. मघाशी तो खाली आला तेव्हा हे कलम त्याला वाचून दाखवले. भांडेल असे वाटले होते. म्हणाला, "द्या हो तिला घर. आधी फोन तर लागू दे." आणि पुन्हा वर गेला. चहा तसाच राहिला.

आता अडचण. वकीलसाहेब म्हणाले, "काका, याखाली अजून एक ओळ घाला. सदर मुलगी तुमच्या हयातीत मयत झाल्यास घर कोणाकडे जाईल, ते."

मी पेन खाली ठेवले.

"नेहमीचंच कलम आहे हो," ते म्हणाले. "सगळेच लिहितात. मी माझ्या मृत्युपत्रात लिहिलंय."

"तुमची मुलगी कुठे असते?"

"वरच्या मजल्यावर."

"मग तुम्हाला सोपं आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. बायको गप्प बसली. या कागदात प्रथमच. मग वकीलसाहेब हळूच म्हणाले की जागा कोरी सोडता येत नाही, पुढे कोणीही त्यात काहीही लिहील. तेव्हा मी त्या जागी लिहिले आहे ते असे:

सदर मुलगी माझ्या आधी जाणार नाही. बाप म्हणून तिला ताकीद दिली आहे.

वकीलसाहेब म्हणाले, कायद्याला हे चालणार नाही. बायको म्हणाली, "आम्हाला चालतं. पुढे लिहा."

हे माझे शेवटचे मृत्युपत्र. मी ते समजून, चष्मा लावून, आपल्या हाताने लिहिले.

सही करणारा: (रंग कालवणारा, निवृत्त)

साक्षीदार पहिला: गल्लीतील न्हावी (सहीसाठी यंत्रावर पाणी सोडले). सही करताना म्हणाला, "काका, काटा हलला होता बहुतेक." नोंद घेतली.

साक्षीदार दुसरा: औषधवाला. सहीनंतर पुन्हा रक्तदाब मोजला. एक गोळी हातावर ठेवली.

स्थळ: घर, पुढची खोली. दिनांक: आज, दुपारी, नीट उजेडात.

एक प्रत वकिलांकडे, एक कपाटात. तिसरी धाकटीच्या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवतो आहे. हॉटेल उभे आहे की नाही कोण जाणे, पण पोस्टवाला म्हणाला की माणसांना जिथे नेले तिथे टपालही जाते.

बाळ, हे पोचले तर घराचे काही मनावर घेऊ नकोस. ते तुझे आहे, आलीस तरी, नाही आलीस तरी. चादरी गेल्या असतील तर जाऊ देत. कोणाचाही फोन माग, कोणाच्याही हाती चिठ्ठी दे, एक शब्द पुरे. तुझी आई जेवत नाही. मी जेवतो, पण चव लागत नाही. लवकर कळव.