ताटलीचं धुवण

सोमवार

पोहोचलो एकदाचे! शाळेत रुजू होऊन जेमतेम महिना होतोय, तोच ही होड्यांची सहल माझ्या गळ्यात पडली. खरं सांगायचं तर पडली ते बरंच झालं. समोर हे अफाट तळं, काठाला दाट झाडी, आणि आठवडाभर खडू-फळ्याचं तोंड बघायचं नाही. दिवसभर निमुळत्या होड्या वल्हवायच्या, संध्याकाळी काठावर तंबू ठोकायचे, बस्स. हातांना फोड आलेत, पण मजा वाटतेय.

माझ्या होडीत पुढे भाची बसते. ती याच शाळेत नववीत आहे. निघताना ताईने तिच्यादेखत मला बजावलं, की पोरगी कधी एकटी कुठे गेलेली नाही, तुझ्या भरवशावर सोडतेय, जशी नेतेस तशी आणून दे. मी शब्द दिला. सहलीत तिने मला मॅडम म्हणायचं असं ठरलं होतं, पण होडी पहिल्यांदा डुगडुगली तेव्हा ती मावशी गं म्हणून अशी किंचाळली, की सगळी मुलं खो खो हसली.

मुख्य माणूस म्हणजे भूगोलाचे सर. कित्येक वर्षं तेच ही सहल आणतात. उत्साही, गप्पिष्ट, मुलांचे लाडके. पण त्यांचे ओठ सतत ओले असतात, आणि जवळ आले की फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास येतो. अर्थात घरी मला सगळे नाकमुरडी म्हणून चिडवतात, दुसऱ्याच्या पेल्यातून मी कधी पाणीसुद्धा पीत नाही, तेव्हा माझं मत फार मनावर घेऊ नये.

जेवणानंतर सरांनी त्यांचा नियम सांगितला. तळ्यात खरकटं टाकायचं नाही, चूळ भरायची नाही, थुंकायचं तर मुळीच नाही. मग ताटल्या धुवायच्या कशा? तर ताटलीत घोटभर पाणी घ्यायचं, बोटाने फिरवून ती स्वच्छ करायची, आणि ते धुवण पिऊन टाकायचं! मुलांनी नाकं दाबून प्यायलं आणि वर ढेकरांची चढाओढ लावली. सरांनी तर चवीने घोट घेतला आणि ताटली चाटली.

माझ्या ताटलीत तेलाचा तवंग, चार शितं, आणि चावून टाकलेला गाजराचा तुकडा. पिण्याचं नाटक केलं, हात धुवायच्या निमित्ताने काठावर गेले आणि सगळं तळ्यात ओतलं. भाची मागोमाग आली आणि आपली ताटली पुढे करून केविलवाणं बघत राहिली. तिचंही ओतून दिलं. एवढ्याशाने तळ्याचं काय बिघडतंय!

मंगळवार

होड्या पाण्याबाहेर उपड्या ठेवल्या होत्या. सकाळी बघतो तर फक्त आमच्या होडीच्या बुडाला करड्या शेंबडासारखा जाड थर. लंबू म्हणून एक वाह्यात मुलगा आहे, तो म्हणाला, मॅडमच्या होडीला सर्दी झाली. मीही हसले.

काडीने खरवडताना हसू विरलं. थरात भाताची शितं होती, बोटाएवढी सुजलेली. गाजराचा तुकडा माझ्या तळहाताएवढा झाला होता, आणि त्यावर माझ्या दातांच्या खुणा तशाच होत्या, फक्त मोठ्या. काडी टाकली तर बुळबुळ हाताला चिकटून आली. तीन वेळा साबण लावला तरी बोटं चिकटच.

पाण्यात अन्न फुगतं, त्यात काय एवढं, अशी समजूत घातली. रात्रीचं धुवण प्यायची कल्पनाच सहन होईना. पुन्हा ओतलं. दोघींचं.

बुधवार

होडीमागे दिवसभर एक करडी रेघ येत होती. फक्त आमच्याच. वल्हं उचललं की लाळेसारख्या तारा लोंबत.

दुपारी भाचीने सहज हात पाण्यात सोडला आणि हसत म्हणाली, की कुणीतरी बोटं चोखतंय. मग हसायची थांबली. हात बाहेर काढला तर बोटं पांढरी, सुरकुतलेली. अजून तशीच आहेत.

उतरताना उथळ पाण्यात मी पाहिलं. मासे नव्हते. तोंडं होती. चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसते ओठ आणि दात, उघडझाप करणारे. एकाचा पुढचा दात अर्धा तुटलेला, भाचीचा आहे तसाच. दुसऱ्याने आ वासला तेव्हा आत चांदी भरलेली दाढ दिसली. माझी दाढ.

मी तिथेच ओकले. काठावर ओकले, पाण्यात नाही. एवढी अक्कल आता आली.

गुरुवार

भाचीच्या ओठांवर दुधावर धरते तशी साय धरलीय. पुसली की पुन्हा धरते, दर वेळी जाड. सकाळी बोलत होती. आता नुसती नाकातून कण्हते. माझ्या ओठांचे कोपरेही चिकटायला लागलेत.

फोनला रेंज नाही. सरांना सगळं सांगितलं. वाटलं ओरडतील. ते मटकन खाली बसले. म्हणाले, की नोकरीत नवे असताना त्यांनीही एकदा ओतलं होतं. तळ्याला आपल्या तोंडाची चव कळली की ते तोंडच मागतं. दिलेलं परत प्यावं लागतं, पाण्यातलं तोंड नाहीसं होईपर्यंत. आधी का नाही सांगितलंत म्हणून मी ओरडले, तर म्हणाले, सांगितलं असतं तर तुमचा विश्वास बसला असता का? आणि ओले ओठ चाटले.

तो वास कुठून येतो ते कळलं. शिसारी आली. या माणसाची, या पाण्याची, माझ्या नखऱ्यांची.

बाकीच्या मुलांना घेऊन ते पुढच्या काठावर गेले. मुलांनी हे बघायला नको.

शुक्रवार

तिचं तोंड उघडत नाही. तिच्या वाटणीचं मलाच—

पेला बुडवला. तोंड आपणहून आत आलं. गरम. लिबलिबीत. पहिल्या घोटाला उलटी झाली, तीही गिळली. खाली एक थेंब पडू दिला नाही—

दात घशाला लागले. माझेच दात. चावत खाली गेले—

संपलं. पाण्यात माझं तोंड नाही. ओठ मोकळे झाले. आता ओलेच राहतात, पुसले तरी—

माझ्या अंगाला तो वास येतोय.

आता तिचं. नाकाच्या खालपर्यंत साय आलीय. श्वास अडकतोय. वेळ नाही—

पेला भरलाय. भाची माझ्याकडे एकटक बघतेय, बोलता येत नाही बिचारीला. ताई, शब्द दिलाय मी, आणते हिला, जशी नेली तशी—

ओठांना लावला.

पेल्यातून हाक येतेय. तिच्याच आवाजात. मावशी गं, नको, मावशी, मी इथे आ—