डाग उजव्या गालावरच हुता

१२ जाने., सोम.
शाळेच्या पटांगणात शनिवारी जुनं पिक्चर दावणार हायत. लढाईतल्या हेराचं. तेच, लग्नाच्या साली तुळजापूरच्या जत्रंत तंबूत बघितलेलं. हेराच्या गालावर भाजल्याचा डाग. मी म्हणते उजव्या, म्हातारा म्हणतो डाव्या. पन्नास वर्सं झाली. नुसता डाग असता तर सोडलं असतं. पण दिरानं बांधाचा दगड आमच्या रानात सरकवला, सरकवताना म्या डोळ्यानं बघितला. पंचांपुढं नवराच बोलला, "तिला डावं-उजवं कळत न्हाय. पिक्चर बघून बी उलटंच सांगती." पंच हसले. दगड अजून तिथंच हाय.

१७ जाने., शनि.
डाग डावा. सगळ्या गावानं बघितला. म्हाताऱ्यानं काठीनं ढोसलं, "बघ गं, आतातरी बघ." दीर टाळ्या वाजवतोय. सरपंच म्हणला, असली पिक्चरं आता निघत न्हाईत. म्या म्हणते, निघूच नयेत.
उठले. चपला पडद्यामागं काढलेल्या, तिकडं गेले. वर बघितलं तर डाग उजवा. पिक्चरमधल्या पाटीवरची अक्षरं बी उलटी.
तंबूत आमी बाया पडद्यामागंच बसायचो, गड्यांत बसायचं न्हाय म्हणून. तवा एकीला बी अक्षर येत असतं तर कळलं असतं. मी साक्षरतेच्या वर्गाला गेले ते लेकरं झाल्यावर.
आन मला मागं नेऊन बसवलं कुणी? ह्या म्हाताऱ्यानंच.

१८ जाने., रवि.
म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. म्हणतो, "पर डाग डावाच हाय न्हवं?"
व्हय, डावा. पण म्या बघितलं ते खोटं न्हवतं. एवढं बी डोस्क्यात शिरंना.
नातीला मोबाइलवर तेच पिक्चर लावाय लावलं. दाढीच्या आरशापुढं धरला, म्हाताऱ्याला आरशात बघाय बसवलं. "सांगा, कुठला गाल?"
आरसा पुसून परत बघितलं. नात म्हणली, "आजोबा, बोला की."
"उजवा."
"मग दगडाचं काय?"
चहा मागितला. न्हाय दिला.

१९ जाने., सोम.
बिनचहाचाच काठी घेऊन निघाला. लिंबापाशी दोन वाटा फुटत्यात, एक दिराच्या घराकडं, एक पाराकडं. पारावर रोजच बसतो.
लिंबापतूर दिसला. म्होरचं माझ्या डोळ्याला आता दिसत न्हाय. नात म्हणली, बघून येऊ का. बस म्हणलं गप. येऊन दगडाचं सांगू दे त्येच्या तोंडानं.
चहाचं दूध काढून ठेवलंय. चूल पेटवली न्हाय अजून.