अपडेट येईपर्यंत

दि. २ फेब्रुवारी

ती. बाबांस,
ठकूचा सा. न. इकडे सारं ठीक, तिकडचं काही कळत नाही म्हणून तर हे पत्र.

पाच आठवडे झाले, तुम्ही फोन उचललेला नाही. मेसेज केला की नुसता अंगठा येतो. फारच मागे लागले तर म्हणे, फोनचं अपडेट यायचंय, ते आलं की बोलू. बाबा, मी दिवसभर लोकांच्या ऑफिसांत कॉम्प्युटर जोडून देते. अपडेट आलं नाही म्हणून फोन उचलता येत नाही, हे दुसऱ्या कुणाला तरी सांगा. शेवटी म्हटलं, कागदच पाठवावा. चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस हातात आलेला कागद वाचल्याशिवाय ठेवणार नाही.

तरीही अपडेटच हवं असेल तर घ्या बापडे. तुमच्या मोबाइलच्या नेटवर ते उतरायचं नाही, फार मोठं असतं. छापखान्यातल्या कॉम्प्युटरला वायरीने इंटरनेट येतं, तेच फोनला वाटून द्यायचं. सोबत नखाएवढी वाय-फायची काडी पाठवतेय, ती कॉम्प्युटरच्या मागे यूएसबीत खोचा. मग सेटिंग्ज, नेटवर्क, मोबाइल हॉटस्पॉट, आणि चालू. तिथे एक नाव आणि पासवर्ड दिसेल, तो फोनमध्ये घाला. मालकांना आधी विचारा.

आणखी एक. मागच्या फोनवर मी जे सांगितलं त्यावर तुम्ही ‘छान झालं’ म्हणालात. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. सोळा तारखेच्या आत मला तुमच्याशी बोलायचंय. सोळाला काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच.

रागावलेय, पण माया आहे तेवढीच आहे.
तुमची ठकू


दि. ६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद, आणि रागातही अक्षर वळणदार काढलंस म्हणून एक जास्तीचा.

काडी खोचली. मालक शेजारी उभे राहून बराच वेळ काहीतरी बोलत होते, मी मान डोलावली. तू लिहिलंस तसं पायरी पायरीने केलं आणि तिसऱ्या खेपेला फोनला नेट मिळालं. पण घोडं पुढे अडलं. मोठ्या अपडेटच्या आधी एक छोटं घ्यावं लागतं, आणि त्याच्या अटी भरतात अडुसष्ट पानं. न वाचता ‘मान्य आहे’ म्हणायचं माझ्या हातून होत नाही, तुला माहीत आहे. दर दोन मिनिटांनी स्क्रीन काळी होते, म्हणून एका हाताने तिला जागं ठेवत दोन दिवसांत सगळं वाचलं. तेवीस चुका निघाल्या. यादी करून कंपनीला पाठवली. तुमचं मत मोलाचं आहे, असं त्यांचं उत्तर आलं, त्यातही एक चूक होती.

मोठं अपडेट मात्र अजून नाही. माझं मॉडेल जुनं, त्याला म्हणे टप्प्याटप्प्याने मिळेल. रोज सकाळी बघतो.

त्या गोष्टीबद्दल. या वयात डोक्यात सगळं राहत नाही बघ. तू ती एकदा कागदावर लिहून पाठव, म्हणजे नीट विचार करून उत्तर देता येईल.

लोभ माझ्याकडून कधी उशिरा पोचत नाही, उत्तरं तेवढी पोचतात.
तुझा बाबा


दि. ९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

लिहून पाठवू? बरं, लिहिते. माझ्या छातीत गाठ आहे. सोळा तारखेला ऑपरेशन आहे, आणि ती गाठ कसली आहे ते त्यानंतरच कळेल. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं. दोन दिवस मनाशी घोकून, आवाज न कापता सांगितलं. तुम्ही म्हणालात, छान झालं, आता जरा विश्रांती घे.

मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. वाटलं, तुम्हाला धक्का बसला असेल, उद्या स्वतःहून फोन कराल. तो उद्या आलाच नाही. कंपनीच्या अटी न वाचता तुम्ही मान्य म्हणत नाही, आणि लेकीचं न ऐकता छान म्हणता?

मला भीती वाटतेय, बाबा. माझ्याबरोबर ऑफिसातली मैत्रीण येणार आहे, माणसांची कमी नाही. मला फक्त आधी एकदा तुमचा आवाज ऐकायचा होता.

ठकू


दि. १२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद. आज थट्टा नाही.

मला ऐकू येत नाही. दोन वर्षं हळूहळू कमी होत गेलं, आता डाव्या कानाचं दुकान बंदच आहे आणि उजव्याचं असून नसल्यासारखं. यंत्र लावून पाहिलं, फोनवर त्यातून नुसती खरखर येते. समोर माणूस असला की ओठांवरून कळतं. व्हिडिओ लावला तर चित्र अडखळतं, तुझे ओठ एक म्हणतात आणि हलतात दुसऱ्याच वेळी. म्हणून तुझ्या बोलण्याच्या चालीवरून अंदाज बांधायचो. आवाज वर चढला की अरे वा, खाली आला की असू दे. त्या दिवशी खालीही नाही, वरही नाही. वाटलं, कामाचं मोठं ओझं उतरलं असेल. म्हणून छान झालं म्हणालो. मग फोन बंद झाला, आणि आपलं काहीतरी भलतंच चुकलं हे कळलं. काय चुकलं ते विचारायची हिंमत झाली नाही.

तुला सांगितलं असतं तर तू काम टाकून धावत आली असतीस, ही एक सबब. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

अपडेटचं मात्र खोटं नव्हतं. पलीकडचा माणूस बोलेल ते स्क्रीनवर अक्षरांत उमटतं, अशी सोय त्यात आहे, एका जाहिरातीचं मुद्रित तपासताना वाचलं होतं. म्हटलं, ते आलं की ठकूचा फोन घेऊ, तिला काही कळणारही नाही. सहा आठवडे त्याचीच वाट पाहत होतो.

आज सकाळी ते आलं. आत्ता एकतीस टक्के उतरलंय आणि तासभर आकडा हललेला नाही. मालकांची पानं त्याच नेटवरून जायची आहेत, ते माझ्याकडे बघून कपाळाला हात लावतायत. मी थांबणार नाही. फोन इथेच सोडतो आणि उद्या सकाळच्या गाडीने निघतो. हे पत्र माझ्या आधी पोचलं तर दाराला कडी लावू नकोस. आतून ‘आले, आले’ म्हणालीस तरी मला कळायचं नाही.

बाकी सगळं भेटीत.
तुझा बाबा


दि. २७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. तुमचं पत्र तुमच्यानंतर तीन दिवसांनी आलं. दारात तुम्ही सगळं सांगून टाकलं होतंत तरी मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडले.

तुम्ही सुखरूप पोचलात हे मालकांनी कळवलं. अपडेट तुम्ही निघाल्यावर दुसऱ्या दिवशी पूर्ण झालं म्हणे. जखम आता खाजते, म्हणजे भरतेय. सोमवारपासून अर्धा दिवस कामावर जाईन. तुम्ही मात्र त्या कानांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा. मी इथून तारीख घेतलीय, तेव्हा सबबी नकोत.

एक गोष्ट तोंडावर बोलले नाही, ती लिहिते. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर मास्क लावून बोलत होते. तुम्ही कॉटची लोखंडी कड घट्ट धरून त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतात, तिथून काही वाचता येईना. मग मी तुमचा हात ओढला, तुम्ही माझ्याकडे वळलात, आणि मी सावकाश सांगितलं की गाठ साधी निघाली, धोका नाही. तुम्ही म्हणालात, परत सांग. मी परत सांगितलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, परत सांग. मला वाटलं, ओठ नीट दिसत नसतील, म्हणून मी उशीवरून उठून बसले आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला. चौथ्यांदा सांगताना तुमचे ओठही माझ्याबरोबर हलत होते, तेव्हा लक्षात आलं की तुम्हाला पहिल्याच वेळी कळलं होतं.

उद्या सकाळी नऊला फोन करते. तेच सांगेन, हवं तितक्या वेळा.

तुमची, आणि आता धडधाकट,
ठकू