कुलूप नको

प्रिय धाकट्या,

तुझ्या लेकीने परवा तुझा निरोप सांगितला, म्हणून हे पत्र लिहिते आहे. जीपची स्टेपनी कुठे बसवायची असं मी विचारलं होतं. त्यावर तू म्हणालास म्हणे, "ताईला सांग, कुठेही बसव, फक्त कुलूप नको." बाकीचं मी ऐकून सोडून दिलं असतं. हे शेवटचे दोन शब्द काही सोडता येईनात.

आधी कामाचं सांगते. बाबांची जीप महिनाभर वेल्डरकडे आहे. पोरगी दगडांचा अभ्यास करायला रस्ते नसलेल्या मुलखात निघाली आहे आणि तिला हीच गाडी हवी. नवी घे म्हटलं, तर म्हणते, आत्या, नव्या गाडीला आजोबांच्या हाताचं वळण नाही. बोलण्यात हार जायची नाही, तुझ्यावरच गेली आहे. इंजिन झालं, ब्रेक झाले. मागचं दार मात्र इतकी वर्षं स्टेपनीचं वजन पेलून बिजागऱ्यांतून निखळलं होतं, तेव्हा ती परत तिथे लावण्यात अर्थ नव्हता. हा वेल्डर माझाच विद्यार्थी. नववीत मी त्याला भूमितीत नापास केलं होतं, आणि आता तो मला गुरुत्वमध्य समजावतो. टपावर ठेवली तर गाडी डोईजड होऊन उतारावर कलंडेल, शिवाय ते धूड खाली उतरवणार कोण. बॉनेटवर ठेवली तर पुढचा खड्डा दिसणार नाही. तळाशी टांगावी असं त्याच्या मनात होतं, दिसायला सुबक म्हणून. मी विचारलं, गाडी चिखलात रुतली की तिच्याखाली शिरायला उंदीर पाळायचा का? तेव्हा त्याने तो बेत सोडला. शेवटी मागच्या बंपरला वेगळा लोखंडी हात जोडून घेतला. तो फाटकासारखा बाजूला फिरतो आणि स्टेपनी त्याच्यावर बसते, दारावर भार नाही. तोटा एकच, दार उघडण्याआधी तो हात फिरवावा लागतो. दोन कामं होतात, बाई, असं तो कुरकुरला. दोन कामांनी कोणी मरत नाही म्हटलं. उंची पोरीच्या कमरेला बेतली आहे. काल मी स्वतः चाक बदलून पाहिलं, सव्वीस मिनिटं लागली. वेल्डर शेजारी उभा राहून, बाई, राहू द्या, बाई, राहू द्या, असा जप करत होता.

आपली वेळ अठरा मिनिटांची होती, आठवतं? दर रविवारी सकाळी बाबा अंगणात खुर्ची टाकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसायचे आणि आपण दोघं चाक उतरवून परत चढवायचो. नट त्यांच्या उलट्या धरलेल्या टोपीत. एकदा तू एक नट तोंडात लपवलास, मी सगळं अंगण धुंडाळलं, आणि तुला हसू आवरेना तेव्हा तो गिळलास की काय म्हणून आईने तुला उलटा धरला होता. बाबा जमिनी मोजायला आडरानात जायचे, त्यामुळे त्यांचं एकच सांगणं असे. स्टेपनी डोळ्यांना दिसली नाही तरी चालेल, हाताला लागली पाहिजे. पुढे गल्लीत टायरांच्या चोऱ्या सुरू झाल्या आणि त्यांनीच तिला साखळी घालून पितळी कुलूप लावलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, तू एकोणीस वर्षांचा. मित्रांना कोंबून तू नदीच्या पात्रात जीप उधळायचास आणि माझं ऐकायचा नाहीस. त्या सोमवारी वसतिगृहावर परत जाताना मी जुडग्यातून कुलपाची किल्ली काढून घेतली. स्टेपनी निघत नाही हे कळलं की आपोआप घरी बसशील, असा माझा शहाणपणा. तुला सांगायचं मात्र राहिलं. गुरुवारी बाबांची उजवी बाजू लुळी पडली. तू त्यांना घेऊन निघालास, माळावर चाक बसलं, स्टेपनी समोर आणि किल्ली नाही. दगडाने कुलूप फोडायला तुला सव्वा तास लागला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर आईला सांगत होते, थोडं आधी आणायला हवं होतं. आदल्या आठवड्यात जुडगं तुझ्या हातून वाळूत पडलं होतं, तेव्हाच किल्ली निसटली असं तू धरून चालला होतास. "माझ्याकडून हरवली," असं तू आईला म्हणालास. आईने सगळ्यांदेखत तुला नको ते बोल लावले. मी तुझ्या सोललेल्या बोटांना पट्टी बांधत होते. किल्ली माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, कंपासपेटीत होती.

बाबा पुढे नऊ वर्षं डाव्या हाताने वाकड्यातिकड्या रेघा ओढत राहिले. तू वर्षभरात घर सोडलंस, परत कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीस. धाकट्याला गाड्यांची आवडच राहिली नाही, असं सगळे म्हणत, आणि मीही त्यांच्यात सूर मिसळला. तेहतीस वर्षं मी पोरांना बजावलं, सिद्धतेतली एकही पायरी गाळायची नाही.

कुलूप नको, ही शिक्षा तू स्वतःला आजवर देतो आहेस, आणि ती तुझी नव्हे. किल्ली तुझ्याकडून हरवली नव्हती, धाकट्या. मी नेली होती. हे सांगण्यासाठी पत्र लिहिलं, स्टेपनीचं निमित्त. माफ कर असं म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. कुलूप लावलेलं नाही. फिरत्या हाताला नुसती खीळ आहे, अंधारातही बोटांना सापडेल अशी. रविवारी पोरगी जीप घेऊन दारात येईल. माळापर्यंत तू चालव.

तुझीच,
ताई

पोरीच्या हाती दिलं ते असं: जीप, चारही चाकं नवी. स्टेपनी, हवा भरून. जॅक आणि पाना. नट ठेवायला बाबांची टोपी. कंपासपेटी, तिच्यात पितळी किल्ली, एक.