गुडघेदुखीची पूड

आबा, अक्काच्या मानेतली गाठ परत आली आहे. गेल्या वर्षी तिला लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. केमोने भागलं नाही, तेव्हा मुंबईत तिच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढून घेतल्या, कॅन्सर ओळखता येईल अशा तयार केल्या आणि पुन्हा तिच्या अंगात सोडल्या. गाठी विरघळल्या. चार महिन्यांनी एक पुन्हा हाताला लागली. इथले सांगलीचे डॉक्टर मुंबईशी बोलून म्हणाले, पेशी जिवंत आहेत, पण गाठीने त्यांचा ब्रेक दाबून धरलाय. तो सोडवणारं औषध सलाइनमधून देऊन बघू. दोन्ही जोडीने देण्याचा अनुभव अजून थोडाच आहे. लागू पडेल, नाहीतर मोकाट सुटलेल्या पेशी तिच्याच फुप्फुसांवर उठतील. संमतीपत्रावर दाजींच्या खाली मी सही केली.

मंगळवारी डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही घेता का? काढा, झाडपाला, पूड? स्टेरॉइड असलेलं काही पोटात गेलं तर या पेशी थंड पडतात." अक्का म्हणाली, "न्हाई वं डॉक्टर, तुमच्या गोळ्याच पोटात मावंनात." डॉक्टर हसले. टेबलाखाली तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. दाजी माणमधल्या एका वैदूकडून गुडघ्यांसाठी पूड आणतात, हे मला माहीत होतं. आटपाडीला तिच्या सासरी निम्मं घर ती चहात घालून पितं. डॉक्टर रागावतो म्हणून त्याला मात्र कुणी सांगत नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "अक्का, खोटं का बोललीस?"

"गप गं. पेपरात लिहितीस म्हणून सगळंच छापायचं नसतंय. सांगितलंस तर सलाइन लावायचं न्हाईत ती. आन् झाडपाला हाय नुसता त्यात."

"झाडपाल्यानं एका दिवसात गुडघा दुखायचा राहतो?"

तिनं पदर मानेभोवती ओढून घेतला.

मला तुमचा पाटणचा सरकारी दवाखाना आठवला. मी दहा वर्षांची, शाळा सुटून तुमच्या औषधांच्या खिडकीमागे बसलेली. वरच्या खोऱ्यातला एक माणूस येतो, तोंड सुजून गोल झालेलं. तुम्ही विचारता, "पूड खातोस का रं गड्या?" "न्हाई वं कंपाउंडरसाहेब, देवाशपथ." तुम्ही नुसता हात पुढे करता. तो चंची सोडतो, तंबाखूशेजारी पुडी. मी खदखदून हसते. तुम्ही त्याच्या केसपेपरवर डॉक्टरांसाठी चार शब्द लिहिता, त्याला बाकावर बसवता आणि मग माझ्याकडे वळता. "दुखतंय म्हणून खातोय त्यो. तुला हसायला काय झालं?" त्या दिवशी घरी जाईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

गुरुवारी सलाइन लावायला नर्स आली, तेव्हा मी डॉक्टरांना बाहेर बोलावून पुडीचं सांगितलं. "कधीपासून?" "मुंबईहून आल्यापासून." ते भिंतीला टेकले. त्यात स्टेरॉइड असलं तर ती पूड एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणाले. हळूहळू उतरवावी लागेल, तोवर सलाइन नाही. गाठ थांबणार नाही, हेही त्यांनी मी न विचारता सांगितलं. पूड तपासायला गेली, स्टेरॉइड निघालं. अक्का माझ्याशी बोलत नाही, दाजींकडून निरोप देते: "तिला म्हणावं, आता तूच बरी कर मला."

दुपारी तिचा डोळा लागला की मी तिच्या मानेला बोट लावून बघते. काल सुपारीएवढी होती. आज मोठी वाटली. माझं बोटच घाबरलं असेल. सोमवारी पुन्हा रक्त तपासणार, मग ठरवणार. सांगितलंस ते बरं केलंस, असं आता दाजीही म्हणतात.

पण तुम्ही वारल्यावर जिथं गेलात तिथला पत्ता असता, तरी हे पत्र मी तुम्हाला टाकलं नसतं. मंगळवारपासून गुरुवारपर्यंत अक्का माझ्याच घरी होती. तिला जिना चढवेना, पायरीवर बसून रडली. तिनं पूड मागितली आणि दोन्ही दिवस तिच्या चहात ती मीच ढवळून दिली. शेवटची कधी घेतली, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "सोमवारी, आटपाडीला."